पटाबाहेरची चिऊ

बाईंनी पहिलं नाव पुकारलं आणि मागच्या बाकावरून चिऊ ओरडली, "हजर!"

वर्गात खसखस पिकली. बाईंनी मान वर केली. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून रोज कोपऱ्यात चित्रं रंगवत बसणारी त्यांची लेक आज कुणाच्या तरी ढगळ गणवेशात ताठ बसली होती. दुसऱ्या नावालाही तीच, "हजर!" तिसऱ्यालाही.

"अगं, एकदाच म्हणायचं सांगितलं होतं ना!" ताईसाहेब कुजबुजली. चौथीतल्या या पोरीला हे नाव तिच्या दादागिरीने मिळवून दिलं होतं.

खुर्चीतले साहेब चष्मा पुसू लागले. ते शिक्षण खात्याकडून डोकी मोजायला आले होते. पट विसाच्या खाली गेला की शाळा बंद. आणि मागच्याच आठवड्यात एक मुलगा आईबापांच्या कामामागे दुसऱ्या गावी गेला होता.

"साहेब, ही माझी मुलगी. पटावर नाही." बाईंचा आवाज खाली गेला. "पोरांचा उद्योग आहे हा."

"भलतीच उद्योगी आहेत." साहेब हसले. "म्हणजे एक कमीच. हिला कितवं?"

"सहावं लागेल. नव्या सत्रात पहिली."

"मग झालं तर! विसावी ही, असं धरून चालतो. तेव्हा येऊन पुन्हा मोजेन. तोवर शाळा चालू दे."

बाईंनी पुसलेला फळा पुन्हा पुसला. संध्याकाळी मोठ्या शाळेत चिऊची मुलाखत होती. नवऱ्याने सकाळीच बजावलं होतं, "तुझी शाळा तुझ्यापाशी. लेकीचं नुकसान नको."

शाळा सुटल्यावर त्या चिऊच्या गणवेशाची बटणं काढू लागल्या.

"राहू द्या की बाई," दारात रेंगाळलेली ताईसाहेब म्हणाली. "मला आखूडच झालाय तो."

"अगं, बुजगावणं दिसतंय माझं पोर त्यात."

"वाढेल की. मी नाही वाढले?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. कोपरं बाहेर आलेली, उंच, हसरी पोर.

टेबलावरचा फोन वाजला. नवऱ्याचा. बाईंनी तो पालथा ठेवला. काढलेली बटणं पुन्हा लावली, चिऊला बाकावर उभं केलं आणि ओठांत टाचण्या धरून गणवेशाची खालची कड दुमडायला घेतली.