अकरा की बारा

घर पहिलं

"ती चकती उलटी बसवलीस," ओरिन म्हणाला.

"ती उलटी बसतच नाही," व्हर्लिनने मान वर केली नाही. "तू कॉफी पी."

आपल्या गॅरेजमधलं काडतुसं भरायचं यंत्र व्हर्लिनने पार उघडं केलं होतं. पंचवीस वर्षं त्यातून एकाच मापाची काडतुसं निघाली, जाड पंचेचाळीस कॅलिबरची. पण ओरिनच्या मनगटाचं ऑपरेशन झालं, त्याला मोठा धक्का सोसेना, म्हणून त्याने नऊ मिलिमीटरचं पिस्तूल घेतलं. आता यंत्रही नऊला आणायचं होतं. चकती बदलायची, साचे बदलायचे, टोप्यांची नळी बारीक लावायची.

नेब्रास्कातल्या त्या भागात एक नियम सगळे पाळतात: दुसऱ्याच्या हातची भरलेली काडतुसं झाडायची नाहीत. ओरिन, व्हर्लिनच्या बहिणीचा नवरा, तो नियम पंचवीस वर्षं मोडत आला होता. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या काउंटरवर व्हर्लिन एकतीस वर्षं उभा राहिला आणि निरोपाला त्याला एक केक मिळाला. त्या नोकरीबद्दल तो कधी बोलत नसे. ओरिन माझीच काडतुसं झाडतो, हे मात्र त्याने न विचारता कितीकांना सांगितलं होतं.

घर दुसरं

दांडा खाली, दांडा वर. एका वेळी एकच रिकामी पुंगळी, दर खेपेला ती एक घर पुढे सरकते. पहिल्या घरात ठिणगी पाडणारी टोपी, दुसऱ्यात बंदुकीची दारू, तिसऱ्यात गोळी, चौथ्यात आवळून बाहेर.

ओरिन शेजाऱ्याच्या घटस्फोटाचं सांगत होता. व्हर्लिन हसत दांडा ओढत होता. तबकात अकरा काडतुसं पडली, आणि बारावी पुंगळी दुसऱ्या घरात असताना त्याने आत डोकावलं.

त्याचा हात थांबला.

दारू फार वर आली होती. दारूचं माप त्याने बदललंच नव्हतं. पंचेचाळीसचं माप नऊच्या पोटात गेलं होतं. नवं माप लावलं की दारूचे पहिले दहा घास तराजूवर तोलायचे, हे ओरिनला शिकवलं होतं ते व्हर्लिननेच.

"काय झालं?"

"काही नाही."

ओरिन उठून यंत्रावर वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"हे माझ्या हातात फुटलं असतं, व्हर्लिन."

"फुटलं नसतं. मी बघितलं ना?"

"बघितलंस. अकरा झाल्यावर."

घर दुसरं, पुन्हा

बारावी पुंगळी त्याने तिथेच ओतून रिकामी केली. भरलेलं काडतूस उकलायला हातोडीसारखं एक हत्यार असतं. काडतूस त्यात अडकवून ठोकायचं, ठोकत राहायचं, मग गोळी सुटते. व्हर्लिनने अकरा काडतुसं उकलली. ओरिनने मोठ्याने मोजली.

"अकराच ना रे? बारा नाहीत ना?"

"अकरा."

"नक्की?"

"अकरा, ओरिन."

मग माप बदललं, दहा घास तोलले, दोनशे काडतुसं भरली.

घर तिसरं

"उपकार झाले," ओरिन म्हणाला आणि डबे गाडीत टाकून निघून गेला.

घर चौथं

शनिवारी खडीच्या खाणीतल्या नेमबाजीच्या मैदानावर ओरिनने दुकानातल्या काडतुसांचा कोरा करकरीत डबा फोडला. लाल दाढीचा डेल्मर ओरडला, "काय रे! व्हर्लिनचं दुकान बंद पडलं की काय?"

"मनगट एकदा कापून घेतलंय," ओरिन म्हणाला. "उरलेला हात जेवायला लागतो मला."

सगळे हसले. व्हर्लिनही हसला. इतरांचं थांबल्यावरही तो थोडा वेळ हसत राहिला.

नंतर ओरिनने दोनशेचे डबे, न उघडलेले, व्हर्लिनच्या गाडीत ठेवले. "राग मानू नकोस. मर्ना ऐकेना."

मर्नाला, व्हर्लिनच्या बहिणीला, नऊ आणि पंचेचाळीसमधला फरकसुद्धा ठाऊक नव्हता.

हे घर यंत्रात नाही

रविवारी चर्चमधून येऊन व्हर्लिनने कोट काढला आणि पहिलं काडतूस हातोडीत अडकवलं. ठोक. गोळी वेगळी, दारू तराजूवर. बरोबर. दुसरं. बरोबर.

साठानंतर मनगट सुजलं. शंभरानंतर त्याने हात बदलला. दीडशेच्या आसपास त्याच्या ध्यानात आलं, की ते जास्त दारूचं बारावं सापडावं असं आपल्याला वाटतंय. एकच सापडावं. म्हणजे ओरिनचं खरं ठरेल, आणि निदान तो दुष्टपणाने वागला असं तरी म्हणावं लागणार नाही.

दोनशेवं उकललं. बरोबर.

त्याने फोन लावला. पलीकडे फुटबॉलचा गलका चालू होता.

"ओरिन, दोनशेच्या दोनशे फोडून बघितली. एकूण एक बरोबर. अकराच होती."

"सगळी फोडलीस?"

"सगळी. एकेक तोलली."

गलका थोडा कमी झाला. ओरिनने आवाज कमी केला असावा.

"म्हणजे तुझीही खात्री नव्हतीच की."

व्हर्लिनने तराजूवरची दारू डब्यात ओतली.

"बरं," ओरिन म्हणाला, "मर्ना विचारतेय, गुरुवारी जेवायला येतोस का?"

"येतो."

शनिवार

पुढच्या शनिवारी व्हर्लिन मैदानावर पिस्तूल न घेता आला. वेळ टिपणारा माणूस आजारी होता. व्हर्लिन म्हणाला, "ते वेळेचं यंत्र द्या इकडे."

ओरिनची पाळी आली. त्याच्या मागे हातभर अंतरावर व्हर्लिन उभा राहिला. शिट्टी वाजली, लोखंडी पाट्या एकामागून एक पडल्या. एकही राहिली नाही. इतक्या झपाट्याने ओरिनने आजवर कधीच पाडल्या नव्हत्या.

सुजलेला हात सांभाळत व्हर्लिनने यंत्रावरचा आकडा उन्हाकडे वळवला, डोळे बारीक केले, आणि शेवटच्या गाडीपाशी उभ्या असलेल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरिनची वेळ सेकंदाच्या शतांशापर्यंत वाचून दाखवली.

"पुढचा," तो म्हणाला.