पाण्यात गेलेला नमुना

मी एक जुना फणसाचा पाट आहे, मित्रांनो, पण माझ्यावर आजवर कुणी जेवायला बसलेले नाही. माझ्यावर बसले ते फक्त गणपती. कोकणातल्या एका वाडीत धाकू नावाच्या मूर्तिकाराने मला तासले आणि कल्याणला बिऱ्हाड हलवले तेव्हा डोक्यावरून आणले. त्याचा मुलगा परशुराम माझ्या कडेला धरून उभा राहायला शिकला, म्हणून त्याला मी अरेतुरे करतो.

पारनाक्याच्या मागे आमची पत्र्याची पडवी होती. आषाढात शाडूची माती भिजायची आणि मग मला महिना-दोन महिने श्वास घ्यायला फुरसत नसे. परशुरामाने साचा कधी घरात येऊ दिला नाही. दहा बोटे आणि बांबूची एक कोरणी, एवढ्यावर त्याचे चाले. त्याचा गणपती आपल्याकडेच बघतो असे लोक म्हणत, आणि मला उगीचच फुशारकी वाटे.

डोळे तो सगळ्यात शेवटी आखी. गिऱ्हाईक आपला पाट घेऊन दारात आले, की करवंटीत काळा रंग कालवायचा आणि श्वास रोखून डोळे द्यायचे. धाकूने घालून दिलेली रीतच होती तशी. डोळे दिलेली मूर्ती बिनपूजेची ठेवायची नाही, आणि पुजली की घरात अडकवायची नाही, पाण्यात पोचवायची. या रीतीचे मला फार कौतुक होते. आता तिचा रागच येतो.

मग परशुरामाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डॉक्टरांनी बजावले, शस्त्रक्रिया करून घ्या आणि हा हंगाम मातीला हात लावू नका. हंगाम बुडाला तर वर्षभर चूल कशी पेटायची? आणि बुडवला नाही तर मोतीबिंदू पिकून डोळे कायमचे जायचे. इकडे आड, तिकडे विहीर. त्याची बायको सगुणा दिवसभर नुसती भांडी आपटायची.

स्वातंत्र्याला तेव्हा आठ-नऊ वर्षे झाली होती. शेजारच्या अण्णांनी वर्तमानपत्रात वाचले, की एकेकट्या कलावंतांना सरकारी मदत मिळणार आहे आणि ठाण्याला परीक्षक बसणार आहेत. मदत मिळाली असती तर डोळेही वाचले असते आणि चूलही. अण्णांनी अर्ज लिहिला, परशुरामाने मोठ्या अभिमानाने सही केली. उत्तर आले, की कामाचा एक पूर्ण नमुना घेऊन हजर राहावे.

फाल्गुनात, निम्मे डोळ्यांनी आणि निम्मे बोटांनी बघत, परशुरामाने हातभर मूर्ती घडवली. डोळे तेवढे दिले नाहीत. ते तर मूर्ती न्यायला माणूस आल्यावर द्यायचे असतात. आमच्या घरात यालाच पूर्ण म्हणतात. दुसरा काही अर्थ कुणाच्या डोक्यातच आला नाही, शिकल्यासवरल्या अण्णांच्यासुद्धा.

मूर्ती माझ्यावर ठेवून परशुराम सगुणेबरोबर ठाण्याला गेला, रंगाची करवंटीही बरोबर घेतली. तिथल्या खोलीत तिघे परीक्षक होते. एक सरकारी साहेब, एक चित्रकलेचे मास्तर आणि गाणे शिकवणाऱ्या मंदाकिनीबाई. प्रत्येकासमोर रकाने आखलेला कागद. कामाच्या दर्जाला पन्नास गुण, किती वर्षे काम केले त्याला तीस, आणि हलाखीला वीस. हलाखीलाही गुण असतात हे मला त्या दिवशी कळले.

"तुमचं जुनं काम कुठे बघायला मिळेल?" साहेबांनी विचारले.

"पाण्यात, साहेब," परशुराम म्हणाला. "तीस वर्षांचं सगळं पाण्यातच गेलं."

मास्तरांनी मला फिरवून फिरवून मूर्ती पाहिली, सोंडेचे वळण पाहून मान डोलावली आणि मग म्हणाले, की डोळेच नाहीत, अपुऱ्या कामाला गुण कसे द्यावेत? मंदाकिनीबाईंनी सुचवले, इथेच आखू द्या. परशुरामाचा चेहरा उतरला. त्याने सगुणेकडे मान वळवली. ती एवढेच म्हणाली, "आखा."

तिने करवंटी धरली. त्याने डाव्या अंगठ्याने जागा चाचपली, श्वास रोखला आणि दोन डोळे दिले. असे डोळे मी तीस वर्षांत पाहिले नव्हते. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस गुण पडले. सगुणेने तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात साहेब म्हणाले, की नमुना इथे ठेवून जा. कागदांबरोबर तो मुंबईला जायचा होता. मंजुरी येईपर्यंत दोन-तीन महिने कपाटात राहणार होता. परशुरामाने हात जोडून घरची रीत सांगितली. मास्तर भले माणूस. निदान उद्या सकाळी फोटो काढून घेऊ, तेवढी रात्र राहू द्या, असे त्यांनी सुचवले. साहेबही कबूल झाले.

"एकच रात्र, हो," सगुणा काकुळतीला आली. "तुमचे डोळे जातील, त्याचा विचार कोण करणार?"

"त्याचे आता उघडलेत, सगुणे. अंधाऱ्या कपाटात कोंडू कसा?"

त्याने मला उचलले. मित्रांनो, मला साहेबांचा राग येतो, मेलेल्या धाकूचा येतो, आणि सगळ्यात जास्त माझा येतो. मी दाराच्या चौकटीत अडकून का बसलो नाही?

ठाण्यातल्याच मसुंदा तलावाच्या पायरीवर सगुणेने काठच्या दूर्वा खुडल्या, फडक्यातल्या भाकरीबरोबरचा गुळाचा खडा देवापुढे ठेवला. ती रडत होती आणि आरतीही म्हणत होती. परशुरामाने गुडघाभर पाण्यात उतरून मला तिरके केले. मूर्ती सुटली. ओंजळभर ओली माती माझ्यावर ठेवून, रीतीप्रमाणे, ती दोघे मला घेऊन घरी आली.

वैशाखात पत्र आले. नमुना सादर केलेला नसल्यामुळे अर्जाचा विचार करता येत नाही.

परशुरामाने तो हंगाम केला. एका गणपतीचा डोळा नाकाकडे गेला, एकाचा कपाळाकडे. गिऱ्हाइकांनी मुकाट्याने मूर्ती उचलल्या आणि पुढच्या वर्षी कुणी आले नाही. तोवर त्याला दिवस-रात्रही कळेनासे झाले होते.

आता दर वर्षी गणेश चतुर्थीला तो चाचपडत वीतभर मूर्ती घडवतो आणि माझ्यावर ठेवतो. डोळ्यांची जागा अंगठ्याने गुळगुळीत करतो आणि डोळे देणाऱ्याची वाट बघतो. सगुणा करवंटीत रंग कालवून ठेवते, पण तिला डोळे आखता येत नाहीत. संध्याकाळपर्यंत रंग वाळून जातो.

मित्रांनो, मोठेपणी कुणाच्या कामाला गुण द्यायला बसलात, तर समोर आहे तेवढेच बघू नका. जे उरलेले नाही तेही विचारा, आणि त्या माणसाच्या घरची रीत आधी विचारा. पण ते पुढचे झाले. तुमच्यात कुणाचा हात स्थिर असेल, तर यंदाच्या चतुर्थीला पारनाक्याला या. रंग वाळायच्या आत या.