घरटी एक खाट

सिडनीजवळच्या न्यूकॅसलचा जावई मला नको होता, हे मी कधीच लपवलं नाही. ब्रॉनी आमची एकुलती एक. तिने इथला, टाउन्सव्हिलचा, कुणीही आणला असता, अगदी उसाच्या शेतातून चिखलाच्या बुटांनी आलेला, तरी मी हसून दार उघडलं असतं. तिने आणला जॅरड. उंच, बोलायला गोड, आणि आमच्याकडच्या बर्गरमध्ये हमखास असणारं बीट काढून बशीच्या कडेला ठेवणारा. जो माणूस बीट काढून ठेवतो, त्याच्या पोटात काय असेल याची हमी कुणी द्यावी?

तरी मी तोंड आवरलं होतं, कारण तो तिला घेऊन गेला नव्हता, स्वतः इकडे आला होता. नगरपालिकेत नोकरी धरली, आमच्या मागच्याच रस्त्यावर घर घेतलं. दर रविवारी दुपारी दोघं जेवायला यायची आणि संध्याकाळचा चहा घेऊन जायची. ब्रॉनी हाकेच्या अंतरावर आहे, एवढ्यासाठी मी ते बीट पोटात घातलं होतं.

मग मध्ये आली फायनल.

त्या वर्षी सिडनीचं मोठं मैदान दुरुस्तीला काढलं होतं. रग्बी लीगच्या साहेबांनी जाहीर केलं, यंदाची फायनल बाहेरगावी खेळवू, ज्यांना हवी त्यांनी मागावी. मागणारे पुष्कळ निघाले. गाळत गाळत शेवटी दोनच शहरं उरली, आमचं आणि न्यूकॅसल. आमच्यासाठी फायनल म्हणजे आजवर व्हरांड्यात टीव्ही ओढून आणायचा आणि सिडनीच्या पंचांना शिव्या घालायच्या. ती आता आमच्या मैदानावर होणार, या कल्पनेनेच गाव वेडं झालं. दंतवैद्यानेसुद्धा दवाखान्यावर झेंडा लावला.

मागणी करणाऱ्या समितीत गावच्या रग्बी क्लबतर्फे मी होते. क्लबात शुक्रवारी संध्याकाळी मटणाची सोडत असते, ती वर्षानुवर्षं माझ्याकडे. खाटकाने सजवून दिलेला चॉप्स आणि सॉसेजचा ट्रे, समोर माइक, आणि नंबर पुकारणारा माझा आवाज. हा आवाज ओळखत नाही असं गावात कुणी नाही.

आमची अडचण एकच होती, खाटा. हॉटेलं मोजकी, माणसं येणार हजारांनी. तोड मीच सुचवली. शाळेच्या टीम बाहेरगावी खेळायला जातात तेव्हा पोरं हॉटेलात उतरत नाहीत, तिथलं एकेक कुटुंब एकेक पोर घरी नेतं. आमच्याकडे सगळी अशीच वाढली आहेत. माझा नवरा क्लाइव्ह लहानपणी असाच न्यूकॅसलला डग नावाच्या पोराच्या घरी उतरला होता. गेला चार दिवसांसाठी, झाली गालगुंडं, आणि राहिला तीन आठवडे. तेव्हापासून दोघं भाऊ झाले. अजून दर रविवारी संध्याकाळी क्लाइव्ह बोळातल्या फोनजवळ स्टूल घेऊन बसतो आणि डगशी गप्पा मारतो. गुडघे, कोळंबी, हवा. कोण ऐकतंय?

तर समितीत मी म्हटलं, "मोठ्या माणसांनाही तसंच नेऊ. घरटी एक खाट!" महापौरांनी टेबलावर हात आपटला. कागद सिडनीला पोचेपर्यंत बाहेर अवाक्षर काढायचं नाही, असं ठरलं.

पंधरा दिवसांनी न्यूकॅसलच्या पेपरात ठळक बातमी आली. प्रत्येक घरात पाहुण्यासाठी एक खाट. आमचीच खाट, फक्त चादर त्यांची.

"इथेच कुठेतरी पाणी मुरतंय," नोला त्या शुक्रवारी क्लबात म्हणाली. ती सोडतीची तिकिटं फाडते आणि गावातली एकूण एक भानगड तिच्याकडे जमा असते. "न्यूकॅसलला स्वप्न पडलं होय गं?"

आम्ही दोघींनी एकदमच दाराजवळच्या टेबलाकडे पाहिलं. जॅरड उठून निघाला होता. अर्धा ग्लास पिऊन, सगळ्यांना बिअर पाजायची आपली पाळी यायच्या आत.

"पाळी चुकवतो," नोला म्हणाली.

"नेहमीच," मी म्हटलं.

संशयाचा किडा एकदा शिरला की त्याला खायला कमी पडत नाही. जॅरड नगरपालिकेत आमच्या मागणीचे नकाशे काढायचा, म्हणजे त्याला सगळं ठाऊक. त्याच्या कपाटात न्यूकॅसलच्या टीमचा लाल-निळा मफलर होता, तो मी स्वतः पाहिला होता. पडदे मोजायला गेले होते आणि कपाट उघडंच होतं. म्हणजे मीच उघडलं होतं. तो आपल्या आईला दर बुधवारी फोन करायचा, आणि मी खोलीत गेले की आवाज खाली आणायचा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

ब्रॉनीजवळ मी एकदा विषय काढला. ती फटकन म्हणाली, "आई, ते तू सुरू करू नकोस हं. त्याला कळलं तर आम्ही इथे राहणार नाही. मी खरं सांगते."

तेव्हाच थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, पुरावा हातात असला तर ब्रॉनी माझ्या बाजूने उभी राहील. जाईल तर तो एकटा जाईल.

म्हणून मी सापळा लावला. पुढच्या रविवारी जेवणं झाली. ब्रॉनी आत भांडी विसळत होती. व्हरांड्यात मी आणि जॅरड, आणि पलीकडच्या आरामखुर्चीत पेपर तोंडावर घेऊन पडलेला क्लाइव्ह.

मी आवाज खाली घेतला. "जॅरड, कुणाला बोलू नकोस हं. महापौर मला एकटीला म्हणाले. फायनलचं तिकीट दाखवलं की समोरच्या बेटावर जायची बोटीची फेरी फुकट."

हे मी त्याच सकाळी आंबे उतरवताना रचलं होतं. महापौरांनासुद्धा माहीत नव्हतं.

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग पाहिलं क्लाइव्हच्या पेपरकडे. "डेल्मा," तो म्हणाला, "असल्या गोष्टी तुम्ही घरात बोलू नका."

"का रे? घरात कोण परकं आहे?"

तो ओशाळं हसला आणि उठून ब्रॉनीला मदत करायला गेला. मी मनात म्हटलं, बघ, कसा सटकला.

गुरुवारी न्यूकॅसलचा समितीवाला रेडिओवर बोलला. तिकीट असलेल्यांना आमची नदीपलीकडच्या स्टॉकटनची फेरी फुकट, म्हणे! मी स्वयंपाकघरात एकटीच होते, तरी टाळी वाजवली. इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

शुक्रवारी क्लब गच्च भरला होता. जॅरड आणि ब्रॉनी दाराजवळच्या टेबलाशी, क्लाइव्ह त्यांच्याबरोबर. मी पहिला ट्रे उचलला, माइक हातात घेतला आणि नंबर पुकारलाच नाही.

"आजचं पहिलं बक्षीस सोडतीविना," मी म्हटलं. "दाराजवळ बसलेल्या न्यूकॅसलच्या माणसाला. त्याने आमची खाट पोचवली, आमची फेरी पोचवली. मग हा ट्रेसुद्धा पोचवेल! ये जॅरड, घेऊन जा."

आधी कुणीतरी हसलं. मग कुणीच हसेना.

"फेरीचं मी फक्त त्याला सांगितलं होतं," मी माइकमध्येच म्हटलं. "एकट्याला. फेरी नव्हतीच मुळी. मी बनवली होती."

"काढा रे त्या हरामखोराला बाहेर!" मागून कुणीतरी ओरडलं.

जॅरड उभा राहिला. तोंड पांढरं पडलं होतं. त्याने क्लाइव्हकडे पाहिलं, क्लाइव्हने ग्लासात. जॅरड एक शब्दही न बोलता बाहेर गेला. ब्रॉनी मात्र सरळ माझ्याकडे आली, माझ्या हातातला माइक घेतला, बंद केला आणि म्हणाली, "हे तू चारचौघांत केलंस. आता मला शोधत येऊ नकोस."

"अगं, पुरावा आहे..."

"तुझा पुरावा तुझ्याजवळ ठेव."

गाडीत बसल्यावर क्लाइव्ह एवढंच म्हणाला, "घरी चल, डेल्मा." त्याचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, जावयाने नाक कापलं म्हणून असेल.

जॅरडने सोमवारी राजीनामा दिला. आठवडा सरायच्या आत घराला विक्रीची पाटी लागली आणि दोघं दक्षिणेला निघून गेली. ब्रॉनीने पत्ता दिला नाही. गावाने मला डोक्यावर घेतलं. बारवर मला पैसे काढू देईनात. रविवारी कोंबडी भाजली आणि ती दोघांत उरली.

त्यानंतर महिन्याभराने सिडनीचा निकाल आला. फायनल सिडनीलाच. त्यांच्या सरकारने ऐन वेळी पैशाची थैली सोडली, दुरुस्ती पुढे ढकलली, मैदान मोकळं. आम्हाला आणि न्यूकॅसलला लीगने शर्यतीत पळवलं होतं ते फायनलचा भाव चढावा म्हणून. लीगच्या त्या साहेबांनी पाहणीसाठी आमच्याकडे येऊन तीन दिवस मासे खाल्ले होते आणि एकदाही कुणाला बिअर पाजली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं. त्यांच्यावर संशय घ्यायला मला सवडच झाली नव्हती.

"म्हणजे खाट पळवली काय न् फेरी पळवली काय, सारखंच," नोला म्हणाली आणि तिकिटं फाडू लागली. दंतवैद्याने झेंडा उतरवला.

त्या रविवारी संध्याकाळी क्लाइव्ह आंघोळीला गेला होता आणि फोन वाजला. एरवी मी उचलत नाही. त्या दिवशी वाटलं, ब्रॉनी असेल.

"काय रे म्हाताऱ्या, आज उशीर?" पलीकडून आवाज आला. डगचा.

"मी डेल्मा बोलतेय. तो आंघोळ करतोय."

"डेल्मा! बरं झालं गं, तूच भेटलीस. आधी एक सांगतो, पोरांची काळजी करू नकोस. क्लाइव्ह म्हणाला एक खोली दे, मी दोन दिल्या. तुझी लेक माझ्या बायकोला लझान्या करायला शिकवतेय."

"पोरं तुझ्याकडे आहेत?"

"मग कुठे जातील? जॅरडच्या आईकडे जागा कुठाय? आणि फायनलचं वाईट वाटलं बघ. खाटांची कल्पना झकास होती तुमची. मी आमच्या क्लबात सांगितली तर सगळे उड्याच मारायला लागले. आणि ती फुकट फेरी! क्लाइव्हने सांगितलं त्या रात्रीच मी आमच्या समितीवाल्याला..." तो थांबला. "सांगायचं नव्हतं का ते?"

भिंतीलाही कान असतात म्हणतात. नवऱ्याला असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याच बोळात, माझ्याच स्टुलावर बसून दर रविवारी तो गुडघे, कोळंबी आणि आमची मागणी सांगत होता, आणि मी दुसऱ्याच्या लेकाची कपाटं उघडत फिरत होते. आणि तो शुक्रवार? आपल्याच तोंडून सगळं गेलं, हे त्या शुक्रवारी क्लाइव्हला कळलं होतं. तो ग्लासात बघत बसला होता.

"डग," मी म्हटलं, "जॅरड आहे का तिथे?"

पलीकडे फोन हातोहाती गेला. मग जॅरडचा आवाज. "हं, डेल्मा."

"तुला माहीत होतं?"

"माहीत होतं. रविवारी संध्याकाळी चहाची भांडी पुसताना ऐकू यायचं ना, बोळातलं."

"मग बोलला का नाहीस? सगळ्यांसमोर मी तुला... एक शब्द बोलायचा होतास!"

"काय बोलणार होतो?" तो शांतपणे म्हणाला. "म्हटलं असतं की मी नाही, क्लाइव्हने सांगितलं. तुम्ही खरं मानलं असतं?"

मी तोंड उघडलं. मला खोटं बोलता आलं असतं. पण मी काय म्हटलं असतं ते मला शब्दन् शब्द ठाऊक होतं: बघा, आता म्हाताऱ्यावर ढकलतोय.

"नाही," मी म्हटलं. "चुकले मी, जॅरड. फार चुकले."

त्याच्या मागे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं, भांड्यांचा आवाज येत होता. मी विचारलं, "ब्रॉनीला बोलवतोस?"

त्याने फोन बाजूला धरला असावा. लांबून त्याची हाक ऐकू आली, "ब्रॉनी, आईचा फोन आहे."

इकडे न्हाणीघराचं दार उघडलं. क्लाइव्ह टॉवेल गुंडाळून बोळात आला, माझ्या हातातला फोन पाहिला आणि तिथेच थबकला. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि कान फोनला लावून ठेवला.

पलीकडे भांडी वाजायची थांबली. मग माझ्या मुलीचा आवाज आला, माझ्याशी नव्हे, त्याच्याशी बोलणारा.

"आता कुणावर आलाय तिचा संशय?"