नुसता अंगठा टेकवला

पावस गावच्या यमुनाबाईंना वाटलं होतं, कॉम्प्युटर घ्यायला जायचं म्हणजे दुकानात शिरायचं, हा नको तो दाखव म्हणायचं, आणि खोकं रिक्षात ठेवून घरी यायचं. फ्रीज तसाच आणला होता, मिक्सर तसाच. आणि इथे रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या या दुकानात बसून तास होत आला, तरी कॉम्प्युटर म्हणावी अशी वस्तू कुणी पुढ्यात ठेवीना. काउंटरवर नुसती खोकी. एक लांबडं, एक चपटं, एक तर एवढंसं, पाव किलो पेढ्यांचं असावं तसं.

"ह्यातला कॉम्प्युटर कुठचा?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"आजी, हे सगळं मिळून कॉम्प्युटर," दुकानदार अभय म्हणाला. चाळिशीचा, चष्मा कपाळावर सरकवलेला, गरीब स्वभावाचा माणूस. "भाग सुटे घ्यायचे नि जोडायचे. शमिकाचं व्हिडिओचं काम आहे, तिला पाहिजे तसा बनवायचा."

"म्हणजे तयार नाय तुझ्याकडे."

"तयार मिळतो, पण तो..."

"मग तो दे की. कॉम्प्युटरच हाय ना? माप घेऊन शिवायला सदरा हाय काय?"

शमिका खाली मान घालून हसली. ही यमुनाबाईंची नात, लेकाची मुलगी. लग्नं, बारशी, गावातले नमनाचे खेळ, कुणी कुणी काढलेले व्हिडिओ आणून देत आणि ती घरी लॅपटॉपवर कापून, जोडून, गाणं लावून परत देई. पण लॅपटॉप आता म्हातारा झाला होता. संगमेश्वरच्या एका लग्नात नवरी बोहल्यावर चढायला निघाली ती तीन दिवस एका पायावर उभीच. पडदा हलेना.

तेवढ्यात मुंबईच्या एका स्टुडिओतून शमिकाला बोलावणं आलं. सोमवारपर्यंत काय ते कळव म्हणाले. तिचा बाप गंगाराम म्हणाला, "त्या रडक्या लॅपटॉपवर आयुष्य घालवण्यापेक्षा मुंबई बरी. उद्या रविवारपर्यंत घरात नवीन मशीन उभं राहिलं तर राहा. नायतर सोमवारी गाडीत बस."

यमुनाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "जायचं तिने खुशाल जावं. मी कुणाच्या पायात बेडी घातलेली नाय."

पण त्या घरात यमुनाबाईंना तोंडावर उलट बोलणारी ही एवढी एकच उरली होती. बाकीचे हो हो म्हणायचे आणि मागच्या दाराने निघून जायचे. ही गेली तर भांडायचं कुणाशी? म्हणून अर्ध्या तासाने त्याच म्हणाल्या, "यंत्र आणायला मी येणार. माझ्या हाताखालून गेल्याशिवाय ह्या घरात काय शिरत नाय."

हे मात्र खरं होतं. आढी उघडली की गवतातून आंबा उचलून यमुनाबाई देठापाशी अंगठा टेकवत आणि सांगत, हा आज, हा परवा, हा अजून चार दिवस झोपू दे. त्यात कधी चूक झाली नाही. दुसऱ्या कुणी हात घातलेला त्यांना खपत नसे. एकदा गाडीतून आलेला मुंबईचा एक माणूस एकेक फळ दाबून बघत होता. त्याच्या हातातला आंबा त्यांनी काढून घेतला, परत गवतात ठेवला आणि म्हणाल्या, "दाबून बघतो तो अडाणी. तुला नाय द्यायचा." तो दुप्पट द्यायला तयार झाला. नाही म्हणजे नाही.

आता तोच हात मांडीवर ठेवून त्या बसल्या होत्या आणि समोरचं बोलणं डोक्यावरून चाललं होतं.

"ग्राफिक कार्ड बारावालं घेऊ की सोळावालं?" शमिकाने विचारलं.

"फोर के करणार ना? मग सोळा."

"आणि रॅम? बत्तीस पुरेल?"

"आत्ता बत्तीस. दोन खण मोकळे ठेवू. पुढे चौसष्ट करता येईल."

यमुनाबाईंची शाळा दुसरीपर्यंतची. हा हिशेब शाळेच्या पुढे गेला होता.

"सोळा काय? किलो?"

"जीबी, आजी."

"म्हणजे?"

शमिकाने जरा विचार केला. "आठवण ठेवायची जागा."

"आणि ते बत्तीस?"

"ती पण आठवणच."

"आणि मघाशी दोन टीबी म्हणालात ती?"

"ती पण."

"तीन तीन आठवणी? एकाने विसरलं तर दुसऱ्याने सांगायचं?"

अभय समजावायला पुढे झाला. "एक कामापुरती, आजी. एक नुसत्या चित्राची. आणि एक ठेवणीतली." त्यातलं ठेवणीतली एवढं यमुनाबाईंना कळलं. उरलेल्या दोन कुठे ठेवाव्यात ते कळेना.

मग ते एवढंसं खोकं उघडलं. आत नखाएवढी जाड, चौकोनी पत्र्याची चकती. अभय म्हणाला, "हा प्रोसेसर. मेंदू समजा."

"एवढासा? आणि सगळ्यांत महाग हाच काय तो?"

"ग्राफिक कार्डाच्या खालोखाल."

"मेंदू खालोखाल. आमच्या गंगारामचं पण तसंच हाय."

कॅबिनेटवर, म्हणजे बाहेरच्या पेटीवर, तर त्यांचा जीवच बसेना. मोकळं पोट, पुढे काच, आणि आत रंगीत दिवे. "आतलं सगळं बाहेर दिसतंय. आणि दिवे कशाला? तो काय अंधाराला भितो?" अभय म्हणाला, पोरांना आवडतं. यमुनाबाईंनी ते आडवं करायला लावलं, बुडाशी बोट फिरवलं. "ही भोकं बघ. पावसला राहायचंय ह्याने. मुंग्या शिरतील. आमच्या टीव्हीत घर केलं होतं त्यांनी, अंड्यांसकट."

अभय हसला नाही. "आजी बरोबर बोलतायत," तो म्हणाला. "परवाच एक आला होता, आत सगळ्या मुंग्या." त्याने ते कॅबिनेट बाजूला केलं नि उंच पायांचं, बारीक जाळीचं, काच नसलेलं दुसरं आणलं. तासाभरात यमुनाबाईंचं एक तरी वाक्य कुणी ऐकलं होतं. त्या स्टुलावर जरा रुंद होऊन बसल्या.

शेवटी चपटं खोकं उघडलं. "हा मदरबोर्ड. बाकी सगळे ह्याच्यावर बसतात."

"सगळे ह्याच्यावर, आणि हाच इतका पातळ?"

अभयने मधल्या चौकोनावरची कडी उचलली, वरचं काळं प्लास्टिक काढलं. आत बारीक सोनेरी लव दिसत होती, हातावर असते तशी. "ह्या पिना. प्रोसेसर ह्याच्यावर टेकतो. बसवायच्या आधी तपासून घ्या हं. नंतर तक्रार नको, मग कंपनी पण ऐकत नाही."

शमिकाने फोनचा टॉर्च लावला, वाकून बघितलं. "सरळ आहेत सगळ्या."

"आजी, तुम्हीपण तपासा," अभय म्हणाला. मुंग्यांचं ऐकलं होतं, म्हणून आता मान ठेवून म्हणाला असावा. मग तो आणि शमिका दुकानाच्या दुसऱ्या टोकाला मॉनिटर बघायला गेले. हळदीचा पिवळा कुठल्या पडद्यावर खरा दिसतो, ते शमिकाला बघायचं होतं.

यमुनाबाई उठल्या, वाकल्या. सोनेरी झिलईखेरीज काही दिसेना. डोळ्यांनी आता बारीक दिसतच नसे. पण तपासा म्हणाला होता तो. आणि बघितलं म्हणजे तपासलं, असं या बाईने जन्मात मानलं नव्हतं. हात पुढे झाला. अंगठा चौकोनाच्या कोपऱ्यावर टेकला, आणि लागेना काही, म्हणून जरासा आणखी टेकला.

वाळल्या कुसळासारखं टोचलं. त्यांनी अंगठा उचलला. कोपऱ्यातली झिलई मघाशी अशीच होती का, ते आठवेना. वाऱ्याने भात आडवं होतं तसं काही तरी वाटत होतं. असेल. मुळातच असेल. त्यांनी अंगठा पदराला पुसला आणि स्टुलावर येऊन बसल्या.

अभय आला, प्रोसेसर ठेवला, कडी खाली केली. पंखा बसवला, रॅमच्या पट्ट्या खोवल्या, वायर लावली, बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.

"झालं चालू?" यमुनाबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग वारा कशाचा येतो?"

अभयने रॅम काढली, दुसरी लावली. काळा. वायर बदलली. काळा. कार्ड काढून बघितलं. पंखे आपले फिरत होते. पाऊण तास असा गेला. अभय दर वेळी म्हणे, हे नसेल तर ते असेल, आणि ते पण नसे. तिथल्या कुणालाच काही कळत नव्हतं. यमुनाबाईंना काय कळत होतं, ते त्या बोलत नव्हत्या.

मग त्याने पंखा सोडवला, प्रोसेसर उचलला, चष्मा डोळ्यांवर घेऊन वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"शमिका, पिना वाकल्यात. ह्या कोपऱ्यात, सहा-सात. मघाशी तर सरळ होत्या."

शमिकाचा चेहरा उतरला. "मी टॉर्च धरला होता. फोनचा कोपरा लागला असेल."

"लागला असेल," अभय हळू आवाजात म्हणाला. "तुला बोलत नाही गो. पण हा असा कंपनी परत घेत नाही. दुसरा कोल्हापूरहून मागवावा लागेल. गुरुवारच्या आत काही नाही."

"गुरुवार," शमिका म्हणाली. तिने फोन उलटापालटा करून बघितला, जणू त्याच्यावर काही लागलेलं असणार होतं. "राहू दे, अभयदादा. माझ्याच हातून झालं. नसेल नशिबात. मुंबईला मशीन आयतं आहे, तिथे आतल्या भागांना कुणी हात लावायला पण देणार नाही. ते बरं."

यमुनाबाईंनी अंगठा मुठीत घेतला.

"फोन नाय लागला तिचा," त्या म्हणाल्या.

दोघांनी वळून बघितलं.

"मी तपासलं. तूच म्हणालास ना, आजी तपासा."

"तपासलं म्हणजे?" अभयने विचारलं. "हात लावलात?"

"अंगठा टेकवला. नुसता."

"आजी, तपासा म्हणजे डोळ्यांनी. त्या पिना केसाहून बारीक असतात, त्यांना कुणी..."

"डोळ्यांनी बघून आंबा तरी कळतो काय रे? सांगायचं होतंस तसं. गिऱ्हाइकाला तपासा सांगतोस नि मग कसं तपासायचं ते पोटात ठेवतोस."

अभयने चष्मा परत कपाळावर सरकवला. शमिका आजीकडे बघत होती. रागाने बघत असती तर यमुनाबाईंनी दोन शब्दांत निकाल लावला असता. ती रागावलेली दिसत नव्हती.

"आजी, तू कशाला माझं अंगावर घेतेस? माझाच फोन लागला. तुझा हात हलका आहे, सगळ्या पावसला माहीत आहे."

आता गप्प बसलं असतं तरी भागलं असतं. हात हलकाच राहिला असता, आणि पोर स्वतःला बोल लावत सोमवारी गेली असती.

"टेकवला नाय," यमुनाबाई म्हणाल्या. "दाबला. काय लागेना म्हणून आणखी दाबला. आता ऐकलंस? परत विचारू नको."

शमिकाने मदरबोर्ड आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, "अभयदादा, भिंग आहे का तुमच्याकडे? आणि बारीक सुई?"

"आहे. पण मी नाही हात लावणार. एक जरी तुटली तर बोर्ड मेला."

"मी लावते."

ती काउंटरवर कोपरं टेकून बसली. अभयने भिंग धरलं. टॉर्च धरायला कुणी नव्हतं, तो यमुनाबाईंकडे आला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, अंगठे आत मुडपून. शमिका एकेक पिन मुळाशी सुई लावून उचलत होती. एक झाली की श्वास सोडी, परत घेई. यमुनाबाईंना ते काही दिसत नव्हतं. किती झाल्या, किती राहिल्या, ते त्यांनी विचारलं नाही. हात भरून आले तरी उजेड हलू दिला नाही.

परत सगळं जोडलं. पंखे फिरले. पडदा काळा, काळा, आणि मग त्यावर पांढरी अक्षरं आली.

"उठलं," अभय म्हणाला. पुढे वाकून त्याने वाचलं आणि मान हलवली. "पण रॅमचे दोनच खण दिसतायत. दोन गेले ते गेले. बत्तीस चालेल, थोडं हळू. पुढे चौसष्ट करायचे म्हटलेत तर सोपं नाही."

"लॅपटॉपपेक्षा?" शमिकाने विचारलं.

"लॅपटॉपपेक्षा कितीतरी."

"मग द्या."

"चालू हाय की बंद?" यमुनाबाईंनी विचारलं.

"चालू आहे, आजी. फक्त अर्ध्या..."

"चालू हाय ना? मग अर्धं कसलं?"

अभयने सांगायचा प्रयत्न केला. यमुनाबाईंनी मान हलवली, काहीही न कळता, आणि शमिकाने पण हलवली, म्हणून बरं वाटलं.

रिक्षात मॉनिटरचं खोकं मागे, कॅबिनेट मधे ठेवलं, दोघी दोन बाजूंना. भाट्याच्या पुलावर वारा लागला तेव्हा शमिकाने फोन काढला, नंबर लावला. "सर, मी शमिका. सोमवारचं विचारत होतात ना. मी नाही येत. हो, इथेच करते आहे." बोलून तिने फोन पर्समध्ये टाकला. यमुनाबाई खाडीकडे बघत होत्या. होड्या जिथल्या तिथे होत्या.

"काय म्हणाला तो?"

"काय म्हणणार? बरं म्हणाला."

बराच रस्ता गेला. खड्डा आला की यमुनाबाई कॅबिनेटला कोपराने आधार देत. हाताने नाही.

"बापसाला काय सांगणार हायस? ते दोन खणांचं?"

"खरं सांगणार. आजीने दाबलं म्हणून."

"टेकवलं," यमुनाबाई म्हणाल्या.