करंगळीतला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. पण मित्रांनो, कडी-कोयंडा शोधू नका. माझ्यातून माणूस सोडाच, मुंगीसुद्धा जाऊ शकत नाही. सिन्नरजवळच्या एका गावातल्या बयाबाईच्या उजव्या करंगळीत, कातडीखालच्या मज्जातंतूच्या टोकाला मी बसवलेला आहे. माझ्यासारखे तिथे पुष्कळ आहेत. एक झिजला की पेशी त्याच्या जागी तसाच दुसरा घडवते, म्हणून आम्ही सगळे मिळून स्वतःला 'मी' म्हणतो.

माझं काम साधं. करंगळीला काही टेकलं की कातडी दबते, तिच्यासोबत तंतूचं पातळ आवरण ताणलं जातं आणि त्या ताणाने मी उघडतो. बाहेर खारट पाण्यातले, विजेचा भार असलेले कण ताटकळत उभेच असतात. ते धावत आत शिरतात, त्यातून इवलीशी वीज उठते आणि तारेने निरोप निघतो. मनगट, कोपर, पाठीचा कणा, मग मेंदू. कोपर दारावर आपटून करंगळीपर्यंत झिणझिण्या गेल्यात ना कधी तुमच्या? तीच आमची तार. श्रेय सगळं हाताला मिळतं. आमचं तर नावही फारसं कोणाला ठाऊक नसतं.

बयाबाई लग्न होऊन आली तेव्हा माझे दिवस थाटाचे होते. पीठ सैल झालं की घट्ट, हे ती आमच्या निरोपावर ठरवायची. तिची भाकरी सगळीकडून सारखी असे.

मग तिच्या हातावर एक फिकट चट्टा उठला. "शिबं असंल, जाईल आपोआप," सासू चतुराबाई म्हणाल्या. चट्टा खाजेना की दुखेना, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. त्याच सुमारास माझ्या शेजारचे, उष्णता सांगणारे दरवाजे कुरकुरू लागले. आम्ही उघडतो, पण निरोप पोचत नाही, असं त्यांचं म्हणणं. कुष्ठरोगाच्या जंतूंनी कोपराशी आमच्या तारेच्या वेष्टनात घर केलं होतं.

आणि इथेच सगळ्यांची गफलत झाली. भाकरी उलटताना करंगळी तव्याला टेकली तरी बयाबाई हात मागे घेईना. चतुराबाईंना कोण कौतुक! आल्यागेल्याला सांगत, "आमच्या बयाचा हात लय पक्का. तव्याला बोट टेकलं तरी हाय म्हणत नाय." शेजारच्या कुसाबाई आपल्या सुनेला टोमणा मारत, "बघ, नायतर तू! जरा वाफ लागली की बोट तोंडात." गावात लग्न निघालं की भाकऱ्यांच्या चुलीपुढे बयाबाईलाच बसवत. तिलाही ते आवडायचं. एवढं कौतुक तिच्या वाट्याला दुसऱ्या कशाने आलं नव्हतं. आमची तार मुकी होत चालली होती आणि गाव तिची वाहवा करत होतं. ती खंत माझ्या मनातून अजून जात नाही.

एकदा दवाखान्यातले चंदरभाऊ घरोघर चट्टे तपासत आले. चतुराबाईंनी उंबऱ्यातूनच हात जोडले. "आमच्याकडं समदे धडधाकट हायेत, भाऊ. पुढचं घर बघा." त्या रोगाचं नाव घराला चिकटलं तर लेकींची लग्नं कशी व्हायची, हा त्यांना घोर. बयाबाई आत पदराखाली हात घेऊन उभी होती. तिला बोलायचं असावं. तोवर चंदरभाऊ पुढच्या घराकडे वळले होते.

पुढे करंगळीला फोड आला, चिघळला, बोट आखडलं. तेव्हा कुठे नवरा गोरक्ष तिला एसटीने नाशिकला घेऊन गेला.

"ताई, डोळे मिटा. कापूस लागला की सांगा," डॉक्टर म्हणाले.

कापूस माझ्यावरून फिरला. मी उघडलो. कण आत धावले. निरोप कोपरापर्यंत गेला आणि तिथेच विरला.

"कवा लावताय?" बयाबाईने विचारलं.

डॉक्टरांनी कापूस खाली ठेवला. मग गोरक्षला म्हणाले, "औषधाने रोग जाईल, डावा हात वाचेल. या हातातली शीर मात्र गेली. आधी आणायला हवं होतं हो."

घरी परतल्यावर ते ऐकून चतुराबाईंनी कपाळावर हात मारला. "त्या हाताचं कवतिक करणारी मेली मीच!" त्यानंतर हात पुन्हा भाजू नये म्हणून त्यांनी सुनेला तव्याजवळ फिरकू दिलं नाही.

मित्रांनो, दुखतं ते तुम्ही दाखवताच. न दुखणारा चट्टाही दाखवा. चटका बसला की हात मागे येतो, त्या चटक्याचे आभार माना. आणि कोणाला हा रोग झालाच, तर त्याच्या तोंडावर दार लावू नका.

परवा सिन्नरच्या बाजारात बयाबाई डाव्या हातात पिशवी घेऊन चालली होती. एकाएकी घाबरून ओरडली, "मालन! कुठं गेली गं माझी पोर?"

"आई, हितं हाय की मी! तुझं बोट धरलंय ना!"

बयाबाईने खाली पाहिलं. लेकीची चिमुकली मूठ तिच्या आखडलेल्या करंगळीभोवती घट्ट होती. तिने पिशवी उजव्या हातात घेतली आणि डावा हात पुढे केला.

मूठ सुटली. मी मिटलो. पोरीने सबंध बाजारभर मला धरलं होतं, आणि ते फक्त मला कळलं होतं.