शॅम्पूचा निकाल

माझी सासू तुळसाबाई म्हणते, तिच्या पोराच्या डोक्यावरचे केस मी खाल्ले. बाप्पा! केस काय खायची गोष्ट आहे का? पण तिचं म्हणणं एवढंच, की लग्नात प्रेमानंदच्या डोक्यावर जंगल होतं, सून घरात आली अन् मैदान झालं. लग्नाचा अल्बम पाहा, म्हणे. मी पाह्यला. अर्ध्या फोटोत नवरदेवाच्या डोक्यावर फेटा, अन् उरलेल्या अर्ध्यात कपाळाच्या दोन्ही बाजूनं केस मागं सरकूनच राहिले होते. पण माझं कोण ऐकते?

आमचं घर नागपुरात, जरीपटक्यात. माझं माहेर खापरखेड्याचं, बाबा तिथल्या वीज केंद्रात कामाले, म्हणून आम्ही दोघी बहिणी कॉलनीतच वाढलो. सासूनं नेमकं हेच धरलं. खापरखेड्यात चिमणीची राख उडते, ती राख पोट्टीच्या डोस्क्यात बसली, राखेनं कोंडा झाला, कोंड्यात बुरशी आली, अन् ती बुरशी उशीवरून, कंगव्यावरून तिच्या पोराच्या डोस्क्यात गेली. एवढा पक्का तपास तर पोलीसही करत नाहीत. माझ्या डोक्यात कोंडा होता, खोटं काहून बोलू? पण माझे केस कमरेपर्यंत आहेत. माझ्या कोंड्यानं माझे केस जागेवर ठेवले अन् नवऱ्याचे नेले, हे तिले जरासंही विचित्र वाटलं नाही.

मग एक दिवस तिनं माझा कंगवा, टॉवेल, उशी वेगळी केली. कंगवा न्हाणीघराच्या मागच्या खिळ्याले टांगला. पाहुणे आले तर त्यायले सांगे, तो कंगवा नका घेऊ, तो सरिताचा आहे. ज्या घरच्या आजोबायनं छप्पन साली दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली, त्या घरची ही गोष्ट सांगून राहिली मी. माझ्या आजोबाले गावच्या हॉटेलात वेगळा कप मिळत होता, मले जरीपटक्यात वेगळा कंगवा मिळाला. हे मी तिच्या तोंडावर बोलली. ती म्हणे, लय शिकली तू, बाबासाहेबाले कंगव्यात नको आणू. प्रेमानंद तिथंच बसून मोज्याची जोडी लावून राहिला होता. मोजे जुळले, तो ऑफिसले गेला.

मी हेही गिळलं असतं. पण मधात आली पायल.

पायल माझी लहान बहीण, एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. सासूचा भाऊ कवडूमामा काटोलले राह्यते, संत्र्याची दलाली करते. त्याचा पोरगा धम्मदीप माझ्या लग्नात आला होता, तेव्हापासून तो अन् पायल फोनवर बोलून राहिले होते. दोघायले एकमेकं पसंत. माझ्या माय-बाबाले पसंत. कवडूमामाले तर पायल एवढी आवडली, की तो काटोलहून बसनं आला की थैलीतले निवडक संत्रे तिच्यासाठी बाजूले काढून ठेवे. राह्यली माझी सासू. अन् त्या घरात आत्याच्या शब्दाशिवाय पोराचं साक्षगंध होत नाही.

त्याच सुमारास कोण्या मेडिकलवाल्यानं तिले बुरशीचा शॅम्पू दिला. लाल रंगाचा, औषधी. तिनं बाटली टेबलावर ठेवली अन् सगळ्यायच्या समोर फैसला सांगतला. "हे बुरशीचं औषध आहे. प्रेमानंदचे केस परत आले, म्हणजे बुरशीच होती, अन् बुरशी सरिताच्या घरची. मग त्या घरची दुसरी पोट्टी मी माझ्या भावाच्या घरात जाऊ देणार नाही."

मी विचारलं, अन् केस नाही आले तर? ती म्हणे, येतीलच. म्हणजे पेपरही तिचा, तपासणारीही तीच, अन् नापास व्हाले माझी बहीण.

आता ऐका गंमत. बाटलीवर लिहिलं होतं, लावा, थोडा वेळ ठेवा, धुऊन टाका. पण आमच्या घरी डोक्याले जे लावलं ते मुरलं पायजे. खोबऱ्याचं तेल मुरते, मेंदी मुरते, मग औषध काहून धुवाचं? सासू म्हणे, धुतलेलं औषध नालीले गुण देईल, डोक्याले नाही. तिनं वाटीत काढून पोराच्या डोक्याले थापलं, वरून दुपट्टा बांधला, त्यावर हेल्मेट, अन् पाठवला ऑफिसले. मे महिना. नागपूरचं ऊन. सिग्नलवर त्याच्या कानामागून फेस वाहून राहिला होता, डोळे लाल, अन् बाजूचे गाडीवाले पाहून हसून राहिले होते, असं त्यानंच सांगतलं. तरी रोज लावला. आईले नाही म्हणणं त्याच्या कुंडलीतच नाही. दोन-तीन हप्त्यात डोक्याचं कातडं पापडासारखं सोलून निघालं, अन् होते तेही केस गळाले लागले. सासू म्हणे, पाहा, बुरशी बाहेर पडून राहिली.

मी त्याले ओढत धंतोलीत त्वचेच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं. सासूले नेलं नाही, अन् ते एक बरं केलं.

बाईनं भिंग लावून डोकं पाह्यलं. आधी शॅम्पू दिवसभर ठेवल्यावरून त्याले चांगली झापली. मग नीट बसवून समजावलं. "हा शॅम्पू कोंड्यासाठी चांगला आहे. पाच मिनिटं ठेवायचा आणि धुवायचा. केस गळण्याचं विचाराल, तर काही छोट्या अभ्यासांत थोडाफार फायदा दिसलाय, पण तो दुसऱ्या औषधांच्या जोडीला धरायचा. नुसत्या शॅम्पूनं गेलेले केस येतील ही आशा सोडा. हे टक्कल घराण्यातून येतं. आईकडूनही येतं, वडिलांकडूनही. तुमच्या घरात कोणाला आहे?"

माझे सासरे देवराव वारले तेव्हाही त्यायच्या डोक्यावर दाट केस होते. भिंतीवरच्या फोटोतला भांग अजून सासू सगळ्यायले दाखवते. राह्यला कवडूमामा. तो घरातही टोपी काढत नाही, निळी कापडी टोपी, जेवतानाही डोक्यावर. टोपीखाली काय आहे ते सगळ्यायले माहीत, फक्त बोलाचं नाही. बाईनं मामाचं विचारलं, तर प्रेमानंद म्हणे, थोडंसं आहे. थोडंसं! या कानापासून त्या कानापर्यंत एक केस नाही माणसाले.

मी सरळच विचारलं, बायकोच्या कंगव्यावरून नवऱ्याले टक्कल पडते का? बाई हसल्या. म्हणाल्या, टक्कल पसरत नाही, अन् कोंड्याची ती बुरशी तर थोडीफार सगळ्यायच्याच डोक्यावर राह्यते. त्यायनं केसासाठी दुसरं औषध लिहून दिलं, गुण याले महिने लागतील म्हणाल्या, अन् जे मूळच मेलं ते येणार नाही हेही सांगून टाकलं.

गाडीवर मागं बसून मी त्याले सांगतलं, हे जसंच्या तसं आईले सांग. माझ्यासाठी नको सांगू, पायलसाठी सांग. तो हो म्हणाला. घरी आल्यावर सासूनं विचारलं, काय म्हणे डॉक्टर? तर माझा नवरा म्हणे, "शॅम्पू चालू ठेवा म्हणते."

बस. एवढंच. बाकीचं मी बोलली, सगळं, शब्दाले शब्द. सासूनं पोराकडं पाह्यलं, हे खरं का गा? त्यानं माठातलं पाणी घेतलं, पिलं, अन् म्हणे, डॉक्टर लोक कायबी बोलतात. माझ्या अंगाची आग झाली. खोटं बोलणारा माणूस एक वेळ परवडला, पण हा खोटंही बोलत नाही अन् खरंही बोलत नाही. दुसरं औषध त्यानं आणलंच नाही. आईले काय सांगू, म्हणे.

शॅम्पू मात्र आता बाईनं सांगतल्यासारखा लावून राहिला होता. पावसाळ्याच्या तोंडावर त्याचा कोंडा गेला. साफ गेला. सासूनं काळ्या कपड्यावर त्याचं डोकं खाजवून पाह्यलं, एक कण पडला नाही. टक्कल होतं तसंच, उलट आता जास्त चमकून राहिलं होतं. पण ती जिंकली. म्हणे, बुरशी गेली, म्हणजे होती ना? मी म्हटलं, केस कुठं आहेत? ती म्हणे, जमीन साफ झाली, आता पीक येईल. अशा माणसाशी डोस्कं फोडून काय उपयोग? औषधानं जे केलं तेही माझ्या विरोधात, अन् जे नाही केलं तेही माझ्याच विरोधात.

तरी कवडूमामानं बोलणीले बसाचं ठरवलं. आमच्याच घरी. माझे माय-बाबा अन् पायल खापरखेड्याहून आले, मामा अन् धम्मदीप काटोलहून. मी तर्रीपोहे केले. पायल मोरपंखी रंगाची साडी नेसली होती अन् ती मधामधात धम्मदीपकडं पाहून हसत होती. तिले वाटत होतं, आज होऊन जाईल. मलेही वाटलं.

पोहे झाले अन् सासूनं बशी खाली ठेवली. शांतपणे म्हणे, त्या घरच्या डोक्याचा मले अनुभव आहे, आधी पोरीचं डोकं पाहीन, मग पुढचं. अन् पायलले म्हणे, खिडकीपाशी ये वं, वेणी सोड.

माझी माय रडकुंडीले आली. बाबानं मान खाली घातली, पोरीचा बाप ना तो. मी उठली, म्हटलं, आई, हे नाही चालणार, ढोर विकत घेऊन राहिले का तुम्ही? पायलनं माझा हात धरून मले खाली बसवलं. तिनं धम्मदीपकडं पाह्यलं. चांगलं पाह्यलं. तो फोनवर बोट फिरवून राहिला होता. मग तिनं खिडकीपाशी जाऊन वेणी सोडली. सासूनं उजेडात तिच्या केसाचा भांग इकडून पाडला, तिकडून पाडला, कानामागं पाह्यलं, मानेवर पाह्यलं. पायल हलली नाही.

काही सापडलं नाही. सासू म्हणे, आज नाही, पुढं होईल.

"झालं का मावशी?" पायल म्हणाली. "मग आता मामाजीले म्हणा, टोपी काढा."

मले वाटलं आता भडका उडते. पण कवडूमामा हसला, अन् त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "पाहून घे पोरी. माझं असं, माझ्या बापाचं असं, अन् या धम्म्याचंही आतापासून सुरू झालं. भांग एका बाजूनं पाडून झाकते तो. तोही तोच लाल शॅम्पू लावते, मोरीत बाटली आहे. त्याले कोणत्या कंगव्यावरून झालं वं तुळसे?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सासूचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. तिनं पदर सारखा केला अन् पोह्याच्या बश्या गोळा कराले लागली. मामा म्हणे, झालं, मिटलं, पेढे आणा, मले पोरगी पसंत आहे. माझ्या मायनं डोळे पुसले. मीही उठली पेढ्याचा डबा काढाले.

पायल वेणी घालून राहिली होती. वेणी पूर्ण झाली तेव्हा ती म्हणाली, "मले नाही करायचं हे लग्न."

धम्मदीप दचकला. म्हणे, काहून? टकलामुळं का? ती म्हणाली, टकलाचं मले काही नाही, मले ते केव्हाचंच माहीत होतं. "माझी वेणी सोडवून लोक माझे केस पाहून राहिले होते, अन् तू फोन पाहून राहिला होता. मले नवरा पायजे, पाहुणा नको." तो म्हणे, मोठ्या लोकायसमोर मी काय बोलणार होतो? पायलनं मायले उठवलं, बाबाले चप्पल दिली.

प्रेमानंद माझ्याजवळ आला, हळूच म्हणे, तू समजाव तिले, तुझी बहीण आहे, तो पोरगा वाईट नाही.

मी त्याच्याकडं पाह्यलं. वाईट नाही, हे खरंच. वेणी सुटली तेव्हा हाही तिथंच बसला होता, हातात बशी घेऊन. म्हटलं, काय समजावू? तिले एका दुपारी कळलं, मले इतकी वर्षं लागली.

पेढ्याचा डबा मी टेबलावर ठेवला अन् माय-बाबाच्या मागं खापरखेड्याले निघाली. अंगणात जरा हळूच चालली, फाटकाशी थांबलीही. म्हटलं, एकदा तरी म्हणेल, सरिता थांब. तो दारात उभा होता. त्यानं आईकडं पाह्यलं.