डावीकडचा उखर्डू, उजवीकडचा उखर्डू

चुडामण शमुवेल सोनवणे जळगावात पाट्या रंगवायचा. मूळचा धुळ्याकडचा. मिशनच्या शाळेत शिकला, सोळाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला, मग मुंबईच्या एका छापखान्यात चार वर्षं काडेपेट्यांवरची आणि कापडाच्या ताग्यांवरची चित्रं काढली. तिथे त्याला वाघ, कमळं आणि परदेशी राण्या काढता येऊ लागल्या. १९३० साली तो परत आला आणि स्टेशनजवळ त्यानं दुकान टाकलं.

हात चांगला होता. अडचण एवढीच होती, की खोटी साक्ष देऊ नये ही बायबलातली आज्ञा पाट्यांनाही लागू आहे असं त्याचं मत होतं. एका किराणा दुकानदारानं 'शुद्ध तुपाचे दुकान' असं लिहायला सांगितलं. चुडामणनं तूप मागवलं, बोटावर घेऊन चाखलं आणि 'तुपाचे दुकान' असं लिहिलं.

"शुद्ध कुठं गेलं?" दुकानदारानं विचारलं.

"मला सापडलं नाही," चुडामण म्हणाला.

अशा स्वभावाच्या माणसाकडे १९३४ साली रुपचंद शेठ आले. शेठ 'शक्तिसागर' नावाचा अर्क बाटल्यांत भरून विकत. स्टेशनासमोर त्यांच्या कापसाच्या जिनाची लांब भिंत होती. तिच्यावर त्यांना एकाच माणसाची दोन चित्रं हवी होती. डावीकडे अर्क घेण्यापूर्वीचा वाळलेला, उजवीकडे तीन महिन्यांनंतरचा भरलेला.

"माणूस कोणता?" चुडामणनं विचारलं.

"कोणताही. तुम्ही काढाल तो."

"मग मी साक्ष कशाची देऊ? माणूस आणा. तो अर्क घेईल. तीन महिन्यांनी जसा दिसेल तसा काढतो."

शेठना गाडीतून दिसेल असं चित्र काढणारा दुसरा कोणी मिळत नव्हता. त्यांनी आपल्या जिनातला उखर्डू नावाचा हमाल पाठवला. उखर्डू मेहरूणच्या तळ्याकडे एका झोपडीत एकटा राहायचा. त्याच्या फासळ्या सदऱ्यातूनही मोजता येत. चुडामणनं आठ दिवसांत भिंतीची डावी बाजू पूर्ण केली. चित्र इतकं हुबेहूब उतरलं, की पॅसेंजरमधल्या एका बाईनं खिडकीतून त्याच्याकडे केळं फेकलं.

तीन महिन्यांनी उखर्डू दुकानात आला तेव्हा चुडामणनं आधी त्याला ओळखलंच नाही. गाल भरले होते. दंड दिसत होते. चुडामणला बरं वाटलं, कारण त्याचा अर्कावर विश्वास नव्हता आणि तो अविश्वास आता त्याला पाप वाटू लागला होता.

"अर्कानं चांगला गुण दिला," तो म्हणाला.

"मी ते पेत नही भाऊ," उखर्डू म्हणाला. "भलतं कडू शे. बठ्ठ्या बाटल्या बकरीले पाज्यात."

"मग हे?"

"शेठना घरथीन रोज दूध येस. तूपभाकर येस. माले वाटनं, तेबी चित्रानंच काम शे."

 चुडामणनं विचारलं, "बकरी कशी आहे?"

"आटी गई."

चुडामणनं त्या दिवशी ब्रश हातात घेतला नाही. तो चर्चच्या पाळकांकडे गेला. पाळक वयस्कर आणि दमलेले होते. ते म्हणाले, "चुडामण, ही जाहिरात आहे. प्रभूनं दाखल्यांच्या गोष्टी सांगितल्या, त्याही घडलेल्या नव्हत्या."

"पण त्यानं खाली बाटलीचं नाव घातलं नव्हतं," चुडामण म्हणाला.

पाळकांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली आणि दार लावून घेतलं.

मग तो शेठकडे गेला आणि बकरीसकट सगळं सांगितलं. शेठ शांतपणे म्हणाले, "माणूस बारीक होता, जाड झाला. तुम्ही स्वतः पाहिलंत ना?"

"पाहिलं."

"मग जे पाहिलं ते काढा."

"जे पाहिलं ते काढू?"

"किती वेळा सांगू, पेंटर?"

चुडामणनं गोणपाट बांधून पंधरा दिवस काम केलं. पडदा काढायच्या सकाळी शेठ धुळ्याच्या दोन घाऊक व्यापाऱ्यांना घेऊन आले. उजवीकडे धष्टपुष्ट उखर्डू मांडी घालून बसला होता. समोर दुधाचा तांब्या, तूप लावलेली भाकरी. बाजूला शक्तिसागरची बाटली होती. गळ्यापर्यंत भरलेली, बुचावरची लाख शाबूत. खाली सुंदर अक्षरात लिहिलं होतं : 'तीन महिन्यांत'.

एक व्यापारी बराच वेळ पाहत राहिला. "बाटली उघडलेली नाही," तो म्हणाला.

"बकरीही काढायची होती," चुडामण म्हणाला. "जागा पुरली नाही."

दुपारपर्यंत शेठच्या माणसांनी भिंतीला चुना फासला. मजुरीचा विषय चुडामणनं काढला नाही आणि शेठनीही काढला नाही. त्यानंतर सात महिने गावातल्या एकाही दुकानदारानं त्याला पाटी दिली नाही. त्याची बायको प्रमिलाबाई मिशनच्या दवाखान्यात पट्ट्या बांधायचं काम करी. तिच्यावर घर चाललं.

"खोटं बोलू नका असं देवानं सांगितलं, ते कळलं," ती एकदा म्हणाली. "पण खरं एवढं मोठं काढा असं कुठं सांगितलंय?"

चुडामणनं पवित्र शास्त्र उघडून पाहिलं. तसं कुठं सापडलं नाही, हे त्यानं तिला प्रामाणिकपणे सांगितलं.

चुना तेलरंगावर धरत नाही. पावसाळ्यात त्याच्या खपल्या पडू लागल्या. पहिल्यांदा दुधाचा तांब्या बाहेर आला, मग भाकरी, मग उखर्डूचं तोंड. बाटलीवर मात्र चुना जाड होता, तो टिकला. चाळीसगावच्या पुनाभाऊ नावाच्या दूधवाल्यानं गाडीतून ते पाहिलं आणि उतरून तो थेट दुकानात आला.

"लोक म्हणतात, तुम्ही खोटं काढत नाही," तो म्हणाला. "मला माझ्या दुधाची पाटी पाहिजे."

"म्हशी दाखवा," चुडामण म्हणाला.

पुनाभाऊनं दाखवल्या. ती पाटी झाल्यावर चाळीसगावातून आणखी दोन कामं आली, मग पाचोऱ्यातून एक. घर चालू लागलं.

त्याच सुमारास त्याला बाजारात उखर्डू दिसला. तो पुन्हा डावीकडच्या चित्रासारखा झाला होता.

"चित्र व्हयनं, दूध बंद व्हयनं," उखर्डूनं सांगितलं. "तुमना काय दोष शे?"

चुडामण घरी आला आणि गुडघ्यावर बसला. क्षमा मागायची होती, पण कशाची ते त्याला ठरवता येईना. त्यानं दहाही आज्ञा क्रमानं आठवल्या. कोणतीच मोडली नव्हती. तरी एका माणसाचं दूध गेलं होतं आणि त्याच्या हातून गेलं होतं. चर्चच्या मंडळीत ताठ मानेनं बसत होतो, याची त्याला लाज वाटली. तो उठला आणि बायकोला म्हणाला, "रविवारी एक माणूस जेवायला येईल."

"एकच रविवार?"

"नाही."

उखर्डू दर रविवारी येऊ लागला. उपासना चालू असताना तो बाहेर निंबाखाली बसायचा. वर्ष झालं तेव्हा पाळकांना आशा वाटली. त्यांनी जवळ जाऊन विचारलं, "उखर्डू, तुला इथं काय ओढून आणतं?"

"मी तं जेवाले येस," उखर्डू म्हणाला.

पाळकांनी चुडामणकडे पाहिलं. चुडामण म्हणाला, "आज वांग्याचं भरीत आहे. तुम्हीही चला."

पाळक गेले. प्रमिलाबाईनं तिघांनाही वाढलं आणि उखर्डूच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी ठेवली.